ईमॅक्समध्ये एकाच नावाच्या पाच फाईली उघड्या असतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये एकाच वेळी चार-पाच इंडेक्स.जेएस फाईली उघड्या असतात, बफरची (उघडी फाईल ईमॅक्स ज्यात ठेवतं तो बफर) नावं इंडेक्स.जेएस<लॉगिन>, इंडेक्स.जेएस<कार्ट> अशी होतात, मधेच कधीतरी आपोआप बदलतात पण, हे असं का होतं, आपल्याला हवं तसं करता येतं का, आणि तेवढी माथेफोड करायची नसेल तर पूर्वीसारखं नुसतं <२>, <३> परत आणता येईल का.

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. परत आणता येतं, पण आणू नका. मी त्या <२> च्या जमान्यात काम केलंय आणि चांगला तोंडावर आपटलोय. तेव्हा मी जिथे होतो तिथे एकाच कोडचे दोन चेकआऊट (म्हणजे दोन वेगळ्या प्रती) माझ्या मशीनवर असायचे, एक रोजच्या कामाचा, एक रिलीजचा, आणि दोन्हीकडची मेकफाईल (बिल्ड कसा करायचा ते सांगणारी फाईल) दिवसभर उघडी. सकाळी आलो की आधी रोजची उघडायची आणि मग रिलीजची, त्यामुळे डोक्यात पक्कं बसलेलं की साधी मेकफाईल म्हणजे रोजची आणि मेकफाईल<२> म्हणजे रिलीजची. एक दिवस दुपारी लाईट गेले, मशीन परत चालू केलं, कोणीतरी रिलीजमधलं काहीतरी विचारलं म्हणून ती आधी उघडली, आणि तासाभराने डिबगिंगसाठी म्हणून मी "साध्या" मेकफाईलमधलं ओ-टू काढून ओ-झिरो केलं (म्हणजे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद), सेव्ह केलं, संध्याकाळी बाकीच्या बदलांबरोबर कमिटपण केलं. टेस्टिंगवाले दोन दिवस शोधत बसले की बिल्ड अचानक एवढा स्लो कसा झाला. तो आकडा फाईलबद्दल काहीच सांगत नाही हो, फक्त कुठली आधी उघडली आणि कुठली नंतर एवढंच सांगतो, आणि ते लक्षात ठेवायचं काम तुमच्या गळ्यात.

हे सगळं सांभाळणाऱ्या पॅकेजचं नाव युनिक्विफाय, ते ईमॅक्सबरोबरच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. जुनं आहे खूप, त्याच्या सोर्सच्या वरच्या कॉमेंटमध्ये अजून डिक किंग हे नाव आणि १५ मे १९८६ ही तारीख आहे. गंमत म्हणजे एवढं जुनं असूनही कित्येक वर्षं ते आपण होऊन चालू नसायचं, इनिट फाईलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाईल) हाताने मागवावं लागायचं, आणि ज्याला माहीत नाही तो <२> मध्येच दिवस काढायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ईमॅक्स २४.४ आलं तेव्हापासून ते डीफॉल्ट झालं. तुम्हाला कंसात फोल्डरचं नाव दिसतंय ते त्यामुळे.

आता सेटिंग. मी व्हेरिएबलची नावं बोलतो तशी देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थात इंग्रजीतच करायची. सगळ्यात सोपं म्हणजे मेटा-एक्स (ऑल्ट आणि एक्स) मारा, कस्टमाइझ-ग्रुप, आणि ग्रुप विचारला की युनिक्विफाय. एकाच पानावर सगळे ऑप्शन येतात, प्रत्येकाखाली दोन ओळींचं वर्णन असतं, बदलायचं आणि वर अप्लाय अँड सेव्ह दाबायचं. नंतर वाटलं तर इनिट फाईलमध्ये सेटक्यूने लिहा. एक लक्षात असू द्या, स्टाईल बदलली म्हणून आधीच उघडे असलेले बफर लगेच नवीन नावं घेत नाहीत, बरेच जण इथेच "चालत नाही" म्हणून सोडून देतात. ते बफर मारून फाईली परत उघडा, मग बघा.

मुख्य ऑप्शन आहे युनिक्विफाय-बफर-नेम-स्टाइल. समजा काम/मुख्य/रीडमी आणि काम/जुनं/रीडमी अशा दोन फाईली आहेत. फॉरवर्ड ठेवलंत तर बफरचं नाव होईल मुख्य/रीडमी, म्हणजे पाथचा शेपटीकडचा तुकडा जसाच्या तसा. रिव्हर्स ठेवलंत तर रीडमी\मुख्य, फाईल आधी आणि मग उलट्या क्रमाने वर वर चढत जाणारी फोल्डरं. पोस्ट-फॉरवर्ड म्हणजे रीडमी|मुख्य, आणि आत्ता तुमच्याकडे आहे ते पोस्ट-फॉरवर्ड-अँगल-ब्रॅकेट्स, म्हणजे रीडमी<मुख्य>. निल (म्हणजे काहीच नाही) दिलं की ते आकडेवालं. मधलं चिन्ह आवडलं नाही तर युनिक्विफाय-सेपरेटर आहे, ते पोस्ट-फॉरवर्ड आणि रिव्हर्सला लागू पडतं.

यातलं कुठलं घ्यायचं यावर लोक तासन् तास भांडू शकतात. माझं मत, बफर बदलताना तुम्ही आधी काय टाईप करता त्यावर ठरवा. मला डोक्यात आधी "मेकफाईल" येतं, मग "कुठली", म्हणून फाईलचं नाव पुढे असलेली स्टाईल मला बरी. साधं टॅबवालं कम्प्लीशन वापरत असाल तर हा फरक हाताला लगेच जाणवतो कारण ते सुरुवातीपासून जुळवतं. व्हर्टिको-ऑर्डरलेस वगैरे कम्प्लीशनची पॅकेजं लावली असतील तर नावाच्या मधले तुकडे टाकूनपण सापडतं, मग काहीही ठेवा. फॉरवर्ड दिसायला सुंदर आहे, पाथसारखं वाटतं, पण उभ्या तीन खिडक्या करून बसणाऱ्यांनी जपून, मोड लाईनमध्ये (खिडकीखालची पट्टी) किंवा टॅबवर जागा कमी पडली की उजवीकडचं कापलं जातं आणि फॉरवर्डमध्ये उजवीकडे नेमकं फाईलचं नाव असतं. रिव्हर्स वापरणारा माणूस मी आजवर एकच पाहिलाय आणि त्यालाही का ते सांगता आलं नाही.

आता तुमचा खरा त्रास, नावं मधेच का बदलतात. इथे जरा थांबून बघू, कारण हे एकदा कळलं की बाकीच्या सेटिंगची निम्मी गरजच उरत नाही.

युनिक्विफाय एकेका बफरचा वेगळा विचार करत नाही. एका नावाच्या सगळ्या फाईलींची ते एक टोळी धरतं आणि अख्ख्या टोळीला मिळून नावं देतं. एकटी रीडमी उघडलीत तर ती नुसती रीडमी. दुसरी उघडलीत की पहिलीचंपण बारसं परत होतं. आता हे करून बघा. काम/मुख्य/सोर्स/रीडमी आणि काम/जुनं/सोर्स/रीडमी उघडा. दोघांच्या डोक्यावरचं फोल्डर सोर्सच आहे, त्याने काही वेगळेपण कळत नाही, म्हणून युनिक्विफाय ते गाळून टाकतं आणि तुम्हाला दिसतं रीडमी<मुख्य> आणि रीडमी<जुनं>. मस्त, छोटं, नेमकं. आता तिसरी उघडा, काम/मुख्य/टेस्ट/रीडमी. झालं, आता टोळीत सगळ्यांचं शेवटचं फोल्डर सारखं राहिलं नाही, म्हणून सोर्स गाळता येत नाही, आणि नावं होतात रीडमी<टेस्ट>, रीडमी<मुख्य/सोर्स>, रीडमी<जुनं/सोर्स>. तुम्ही हात लावला तिसऱ्या फाईलला आणि नावं बदलली पहिल्या दोघांची. ती तिसरी बंद केलीत की परत पहिल्यासारखी.

या खेळामागे दोन स्विच आहेत. युनिक्विफाय-स्ट्रिप-कॉमन-सफिक्स, हे सगळ्यांमध्ये सारखं असलेलं शेवटचं फोल्डर गाळतं, आणि युनिक्विफाय-आफ्टर-किल-बफर-पी, हे बफर मारल्यावर उरलेल्यांची नावं परत आखूड करतं. दोन्ही आधीपासून चालू असतात. नावं हलल्याचा वैताग येत असेल तर दोन्ही बंद करा, म्हणजे नावं लांब होतील पण बरीचशी जागच्या जागी राहतील. मी स्वतः स्ट्रिप चालू ठेवतो आणि आफ्टर-किल बंद, कारण फाईल उघडताना माझं लक्ष तिथेच असतं, नाव बदललेलं दिसतं, पण बफर मारताना मी पाच-सहा एकदम मारतो आणि मग राहिलेल्यांची नावं का बदलली हे शोधत बसायला लागतं. ही आपापली सवय झाली, तुम्हाला उलटं आवडेल.

अजून एक युक्ती, जी फार कमी जणांना माहीत असते. एखादी फाईल दिवसभर लागणार असेल तर तिला हातानेच नाव द्या. कंट्रोल-एक्स एक्स आर, ईमॅक्स २८ पासून ही की आहे, त्याआधीच्यात मेटा-एक्स रीनेम-बफर. असं हाताने दिलेलं नाव युनिक्विफाय पाळतं, त्या बफरला टोळीतून काढून टाकतं आणि परत त्याच्या वाटेला जात नाही. रिलीजची मेकफाईल माझ्याकडे "हात लावू नकोस" या नावाने उघडी असते. डिस्कवरच्या फाईलीचं नाव याने बदलत नाही, घाबरू नका, फक्त बफरचं बदलतं.

आणि इथूनच निघणारी गोष्ट, जी ईलिस्प (ईमॅक्सची स्वतःची भाषा) लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. बफरच्या नावावर कोड लिहू नका. मी एकदा एक छोटं फंक्शन केलं होतं, एक की दाबली की मेकफाईल नावाच्या बफरवर जायचं आणि मेक चालवायचं. महिनाभर छान चाललं. मग एका दिवशी लायब्ररीची मेकफाईल सोबत उघडली आणि गेट-बफरने (नावावरून बफर शोधणारं फंक्शन) निल हातात दिलं, कारण त्या नावाचा बफरच आता जगात नव्हता, दोन्हीला कंस लागले होते. नाव हे तुमच्या डोळ्यांसाठी आहे, कोडने पाथ विचारावा. पाथ देऊन बफर हवा असेल तर गेट-फाईल-बफर आहे, सिमलिंकचे घोळ असतील तर फाइंड-बफर-व्हिजिटिंग वापरा, ते एकच फाईल दोन रस्त्यांनी उघडली असली तरी ओळखतं. डिस्प्ले-बफर-ॲलिस्टमध्ये (कुठला बफर कुठल्या खिडकीत उघडायचा ते ठरवणारं सेटिंग) नावावर रेगेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) लावणाऱ्यांचंही हेच होतं, शेवटी डॉलर लावून नाव बंद केलेलं असतं आणि कंस आला की ते जुळतच नाही, आणि खिडकी भलत्याच ठिकाणी उघडते.

बाकीचे ऑप्शन पटकन. युनिक्विफाय-मिन-डिर-कंटेंट शून्य असतं, एक केलंत तर नाव एकमेव असलं तरी एक फोल्डर दाखवतंच. ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये अर्ध्या फाईलींचं नाव इंडेक्सच असतं त्यांना हे बरं पडतं, निदान पहिली फाईल नागडी दिसत नाही आणि दुसरी उघडल्यावर धक्का बसत नाही. युनिक्विफाय-इग्नोर-बफर्स-रीमध्ये ज्यांना हात लावायचा नाही त्यांचा रेगेक्स, बहुतेक जण तारका चिन्हाने सुरू होणारे बफर तिथे टाकतात. ट्रेलिंग-सेपरेटर-पी डायर्डच्या (फोल्डरमधल्या फाईलींची यादी दाखवणाऱ्या) बफरला सेपरेटर लावतं, फॉरवर्ड असेल तर शेवटी, रिव्हर्स असेल तर सुरुवातीला, बाकी स्टाईलना नाही. शेलच्या बफरला <२> लागतं त्याच्याशी युनिक्विफायचा संबंध नाही, त्यामागे फाईलच नसते, ते ईमॅक्सचं मूळचं वागणं आहे.

यातलं काहीच पटलं नाही तर स्वतःचं फंक्शन द्या. स्टाईलच्या जागी फंक्शनचं नाव चालतं, त्याला दोन गोष्टी मिळतात, एक फाईलचं मूळ नाव आणि दुसरी वेगळं ओळखायला लागणाऱ्या फोल्डरांची यादी, बाहेरून आत या क्रमाने. तुम्ही जी स्ट्रिंग परत द्याल ते बफरचं नाव. अँगल-ब्रॅकेटवालं अशाने स्वतः लिहायचं म्हटलं तर एका ओळीचं काम आहे, यादी स्लॅशने जोडायची आणि कंसात घालायची. मी एकदा यात लांब फोल्डरनावांचे संक्षेप करायला गेलो, पहिली तीन अक्षरं ठेवायची आणि बाकी कापायची, आणि मग कंट्रोलर आणि कंटेंट दोन्हीचं "कंट" झालं. नावं आपटली तर युनिक्विफाय गप्प बसत नाही, आणखी वरचं फोल्डर ओढून आणतं, ते पण सारखं असेल तर त्याच्या वरचं, त्यामुळे आखूड करायला गेलो आणि नाव आधीपेक्षा लांब झालं. संक्षेप करायचेच तर ठरलेल्या चार-पाच फोल्डरांचे हाताने लिहा, हुशारी नको.

नवीन गोष्ट आली ती ईमॅक्स ३०.१ मध्ये, फेब्रुवारी २०२५ ला. युनिक्विफाय-डिरनेम-ट्रान्सफॉर्म. वरचं फंक्शन शेवटी नाव सजवतं, हे त्याच्या आधीच घुसतं: फाईलीचं फोल्डर घेतं आणि "नावापुरतं हे फोल्डर समजा" म्हणून दुसराच पाथ परत देतं, तो पाथ खरोखर डिस्कवर असायलाही हवा असं नाही. याच्याबरोबर एक तयार फंक्शन आलंय, प्रोजेक्ट-युनिक्विफाय-डिरनेम-ट्रान्सफॉर्म, ते पाथमध्ये प्रोजेक्टचं नाव घालतं. लोक हे चालू करतात आणि म्हणतात काहीच फरक पडला नाही. बरोबर आहे, कारण प्रोजेक्टचं नाव तुम्ही दिलं नसेल तर ते मूळ फोल्डरचंच नाव धरतं, मग वेगळं काय दिसणार. ज्यांच्या सगळ्या चेकआऊटच्या फोल्डरचं नाव ट्रंक किंवा सोर्स असतं त्यांना याचा खरा उपयोग. प्रोजेक्टच्या मुळाशी डिर-लोकल्स फाईल (त्या फोल्डरपुरती सेटिंग ठेवणारी) करा आणि त्यात प्रोजेक्ट-व्हीसी-नेमला नाव द्या. आणि एकाच गिट रेपोचे दोन वर्कट्री (वेगवेगळ्या फोल्डरमधल्या कामाच्या प्रती) असतील तर डिर-लोकल्स कमिट झालेली असते, दोन्हीकडे तीच येते, तेव्हा नाव लिहायचं ते डिर-लोकल्स-टूमध्ये, ती फाईल अशा खाजगी गोष्टींसाठीच आहे, गिटला तिच्याकडे दुर्लक्ष करायला सांगा म्हणजे झालं. माझ्याकडे आता रीडमी<रोजचं> आणि रीडमी<रिलीज> असं दिसतं, फोल्डरांची नावं काही का असेनात.

मराठीत फोल्डर ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. माझ्या घरच्या नोंदी २०२३/नोंदी, २०२४/नोंदी, वाडी/नोंदी अशा पडलेल्या आहेत आणि तिथे फॉरवर्ड स्टाईल ठेवली तर दर वेळी बफर बदलताना मिनीबफरमध्ये (तळाची टाईप करायची ओळ) कंट्रोल-बॅकस्लॅशने इनपुट मेथड बदलून देवनागरी-इन्स्क्रिप्ट किंवा आयट्रान्स चालू करायला लागतं, कारण नाव सुरूच होतं मराठीत. मी फाईलचं नाव इंग्रजीत आणि फोल्डर मराठीत असं केलं, स्टाईल कंसवाली ठेवली, मग सुरुवात इंग्रजीत टाईप होते आणि कंसातलं मराठी फक्त वाचायचं. आणि जोडाक्षरं तुटकी दिसत असतील तर तो युनिक्विफायचा दोष नाही, ईमॅक्स २७ च्या आधीचं असेल तर हार्फबझ (अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) नाही, आधी ते अपडेट करा. टर्मिनलमध्ये चालवत असाल तर मात्र देवनागरीची रुंदी टर्मिनलवर अवलंबून, मोड लाईन एखाद-दोन घरं सरकलेली दिसेल, चालवून घ्या.

कोणी म्हणेल एवढं करण्यापेक्षा व्हीएस कोड का नाही. तिथेपण हीच रड आहे, टॅबवर दोन सारखी नावं आली की ते बाजूला फोल्डर दाखवतं, आणि २०२४ पासून कस्टम लेबलचे पॅटर्नपण देता येतात, इंडेक्सच्या जागी फोल्डरचं नाव वगैरे. चांगलं आहे. फक्त तिथे लेबल कसं दिसावं एवढंच ठरवता येतं, आपल्यासारखं फंक्शन लिहून वाट्टेल ते करता येत नाही.

नाव कितीही चांगलं केलंत तरी ते आखूडच असणार, म्हणून सेव्ह करायच्या आधी पूर्ण पाथ डोळ्यांसमोर हवा. फ्रेम-टायटल-फॉरमॅटमध्ये पर्सेंट-बी आणि पर्सेंट-एफ दोन्ही टाका, वरच्या पट्टीत बफरचं नाव आणि शेजारी अख्खा पाथ दिसतो. ट्रॅम्पने (ईमॅक्समधूनच दुसऱ्या मशीनवरच्या फाईली उघडायची सोय) सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाईली उघडणाऱ्यांनी तर हे आजच करा, कारण लोकलची आणि सर्व्हरची फाईल बहुतेक वेळा एकाच पाथवर असते, नावातला फरक एवढासा, आणि घाईत नजर त्यावरून घसरते. आणि शंका आलीच तर कंट्रोल-एक्स कंट्रोल-बी मारा, त्या यादीत अगदी उजवीकडच्या रकान्यात प्रत्येक बफरची फाईल पूर्ण पाथसकट लिहिलेली असते.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर स्टाईल आहे तीच राहू द्या, मिन-डिर-कंटेंट एक करा, आफ्टर-किल बंद करा, टायटलमध्ये पाथ घाला, आणि आठवडाभर वापरा. मग पण खटकलं तर कुठल्या दोन फाईली आणि त्यांचे पूर्ण पाथ काय ते लिहा, नुसतं "नाव नीट येत नाही" यावरून मला काही सांगता येणार नाही.